बी खोटं नव्हतं

माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा काय मिळालं? एक सुई, एक काचेची पेटी आणि डब्यातली पावडर. आई त्याला मिळाली ती थेट पाचवी पुजायच्या दिवशी. हे मी सांगायला लागले की घरातले उठून जातात. नवरा म्हणतो, "झालं, सुरू झालं हिचं." होय, सुरू झालं. माझ्या मनातून ते गेलेलंच नाही, तर बंद कसं होणार?

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने मी पेणला होते. माहेर जिते गावाच्या पलीकडे, खाडीच्या काठावर. वडील आधी मिठागरावर होते, नंतर नुसती भातशेती. सासर रोह्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे भात निघालं की वाल पेरतात. नवरा धाटावला कंपनीत शिफ्टला. मी बारावी सायन्स करून लग्न करून आले, म्हणून सासरी माझं नाव पडलं 'सायन्सवाली'. कौतुकाने नव्हे. दुधाला उकळी आली आणि माझं लक्ष नसलं, की सासू म्हणायची, "सायन्सवाल्यांच्यात दूध उतू जात नाय वाटतं."

कळा यायच्या आधीच माझं पाणी गेलं. वडिलांनी पेणमधल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. मूल झालं ते चांगलं गुलाबी, खणखणीत रडणारं. तरी डॉक्टर म्हणाले, पाणी आधी गेलंय, बाळाला जंतू लागलेले असू शकतात, खबरदारी म्हणून अँटिबायोटिक सुरू करतो. खबरदारीला कोण नाही म्हणेल? मुलाला पेटीत ठेवलं, इवल्याशा हाताला सुई टोचून पट्टी बांधली. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यात काही निघालं नाही. माझ्या वडिलांनी भीत भीत विचारलं, "मग आता बंद करायचं का?" डॉक्टर चालता चालता म्हणाले, "सुरू केलंय तर कोर्स पूर्ण करावा लागतो." वडील मागे झाले. हा माणूस पेणच्या बाजारात वांगी घेताना देठ मोडून बघतो, चार प्रश्न विचारतो. नातवाच्या अंगात काय भरताहेत, हे विचारायला त्यांची जीभ दुसऱ्यांदा उचलली नाही.

मला दूध आलं होतं. सुरुवातीचं, पिवळं, दाट. नर्स म्हणाली, पेटीतल्या बाळाला अंगावर देता येणार नाही, पिळून टाका. मी म्हटलं, वाटीत काढून चमच्याने पाजा. ती म्हणाली, आमच्याकडे तसं करत नाहीत. त्याच दिवशी सासू रोह्याहून गाडीने आली, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. "बराच झाला. पयला दूध टाकायचाच असतो गो. जड असतो तो. पोराला बाधतो."

डॉक्टरांचं आणि माझ्या सासूचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालं, ते माझं दूध मोरीत ओतण्यावर. हीच बाई गाय व्याली की चिकाचा थेंब सांडू देत नाही. खरवस करते, वरून वेलची घालते, शेजारच्या चार घरी वाट्या पाठवते. गाईचा चीक अमृत आणि माझा मोरीत. मी स्टीलच्या वाटीत पिळायचे आणि माझी आई ती वाटी उचलून न्यायची. नळ सुटल्याचा आवाज आला की मी भिंतीकडे तोंड करायचे. त्याचा राग मला अजून येतो आणि तो का जावा, हे मला कळत नाही.

मुलगा अंगावर आला तेव्हा त्याला बाटलीची सवय लागलेली होती. ओढायचा नाही, चिडायचा. दूध हळूहळू कमी झालं. पोट कायम बिघडलेलं, हिरवी शी, तिन्हीसांजेला पाय पोटाशी घेऊन किंचाळणं. सासूने गुटी उगाळली, पोटाला हिंग लावला, दृष्ट काढली. मी एकच गोष्ट धरून ठेवली, ती म्हणजे लस. उपकेंद्रात लसीचा वार असला की मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. पोराला ताप यायचा, मांडी सुजायची, सासूची बडबड ऐकायला लागायची. एकही डोस मी चुकवला नाही.

आणि तरीही वर्षाचा व्हायच्या आत त्याला न्यूमोनिया झाला. साधी सर्दी म्हणता म्हणता छाती आत ओढायला लागला, बरगड्या मोजता येतील अशी. रोह्याला नेला. नाकात नळी, पायात सुई, तोंडावर ऑक्सिजन. नवरा शिफ्ट सुटली की कंपनीच्या कपड्यांतच धावत यायचा आणि दारात उभा राहायचा, आत यायला घाबरायचा. माझी धाकटी जाऊ तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती, गडब गावची पोरगी. ती डबा घेऊन यायची. पोराकडे बघून ती डबा हातात धरूनच उभी राहायची, खाली ठेवायचं विसरून.

मूल वाचलं. तिथले डॉक्टर तरुण होते, घाटावरचे, कोकणात नवीन आलेले. घरी सोडायच्या दिवशी मी त्यांना धरलंच. म्हटलं, न्यूमोनियाचीसुद्धा लस दिली होती, सगळ्या दिल्या होत्या, मग हे का? बाकीचे डॉक्टर असल्या प्रश्नाला "होतं असं" म्हणतात. हा माणूस खुर्ची ओढून बसला. जन्मल्यावर काय काय झालं, ते सगळं त्याने विचारून घेतलं. मग मला, नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून समजावून सांगितलं.

तो म्हणाला, जन्मताना बाळाचं पोट जवळजवळ रिकामं असतं. मग आईच्या अंगावरून, तिच्या दुधातून चांगले जंतू येतात आणि आतड्यात वस्तीला बसतात. आईच्या दुधात काही साखर अशी असते, जी बाळाला स्वतःला पचतच नाही. ती या जंतूंसाठीच असते. म्हणजे आई बाळाला पाजते तेव्हा त्यांनाही पाजते. हे जंतू पोटात राहून बाळाच्या शरीराला शिकवतात, कुणाला ओळखायचं, कुणाशी लढायचं. असं शिकलेलं शरीर लस दिली की चांगली तयारी करतं. अगदी पहिल्या दिवसांत अँटिबायोटिक पडलं, तर वाईट जंतूंबरोबर हे चांगलेही जातात. अशा मुलांमध्ये काही लसींचा जोर पुढे कमी भरतो, असं आता दिसायला लागलंय.

मी मांडीवरच्या पोराला घट्ट धरलं. त्या डॉक्टरांनी ते पाहिलं असावं. ते लगेच म्हणाले, "तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि जंतू खरोखर लागले असले तर औषध द्यावंच लागतं, नाही तर मूल जातं. पण लस खोटी नाही. ती नसती तर हे मूल आज घरी जात होतं की नाही, कोण सांगणार? पुढचे डोस चुकवू नका."

डॉक्टर इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण सासूच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, म्हणून त्यांनी तिला समजेल असं सांगायला घेतलं. म्हणाले, "आजी, तुम्ही शेतकरी. समजा शेत पेटवून दिलं, सगळं जाळून टाकलं. मग त्यावर पेरलं, तर काय उगवणार?"

सासूने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जमिनीकडे. मी मनात म्हटलं, संपलं.

कारण आमच्या सासरी शेत पेटवल्याशिवाय पेरतच नाहीत. उन्हाळ्यात भाताच्या रोपाची जागा निवडतात, तिच्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या यांचे थर लावतात, वरून माती भुरभुरतात आणि पेटवून देतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, माती मोकळी होते आणि पहिला पाऊस पडल्यावर त्या काळ्या राखेत रोप असं तरारून येतं की बघत राहावं. राब नीट भाजला नाही, म्हणून सासरे हयात असताना सासूशी आठवडाभर बोलले नव्हते. तिला सांगताहेत, जाळलं तर उगवत नाही!

रिक्षात बसल्याबरोबर ती म्हणाली, "ह्या डॉक्टरला शेतीतला काय कळतो? राब भाजल्याशिवाय रोप येतो व्हय?"

मी म्हटलं, "आई, ते उदाहरण चुकलं त्यांचं. गोष्ट चुकली नाही."

"चुकला कसा? भाजला म्हंजे चांगलाच झाला. भाजलेल्या जागेत बी टाकला, नाय उगवला. म्हंजे काय?" तिने स्वतःच उत्तर दिलं. "बीच खोटा."

या तर्कात भोक कुठे आहे ते मला दिसत होतं, पण तिला दाखवता येत नव्हतं. मी खाडीकाठची. आमच्याकडे राब नसतो, आमचं दुखणं वेगळं. मी तिला ते सांगून पाहिलं. म्हटलं, आमच्या खारेपाटात उधाणाने बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं. पाणी ओसरतं, जमीन वरून तश्शीच दिसते. पण पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही कितीही चांगलं बी टाका, भात खुरटतं. म्हणून आम्ही बियाण्याला शिव्या देत नाही, बांध आधी बुजवतो, पाऊस मीठ धुऊन काढेपर्यंत पेरत राहतो. पोराच्या पोटात तसं खारं पाणी शिरलंय, आई.

सासू म्हणाली, "तुमच्या तिकडं जमीनच वायट." नवरा हसला. तेवढ्यावर विषय मिटला.

मिटला म्हणजे गावात पसरला. "रोह्याच्या डॉक्टरानंच सांगितला, लस लागू पडत नाय." पाणवठ्यावर, अंगणवाडीत, लग्नाच्या मांडवात. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं पाव वाक्य उचललं आणि पाऊण मोरीत ओतलं. कुणी खोटं बोललं असतं तर मी भांडले असते. हे अर्धं खरं होतं, त्याच्याशी भांडायचं कसं? माझ्या मुलाकडे बोट दाखवलं की मी गप्प व्हायचे. तोच पुरावा होता, अंगणात कोंबड्यांमागे धावणारा, जरा बारीक.

मी माझं केलं. मुलाचे पुढचे डोस मी रोह्याच्या बाजाराला जायच्या निमित्ताने दिले. मांडीला सुईची गाठ दिसली की सांगायचे, मुंगी चावली.

त्यानंतर जावेला मुलगी झाली. ती माहेरी, सरकारी दवाखान्यात, अगदी सरळ. मूल पुसून आईच्या छातीवर ठेवलं आणि ते लगेच प्यायला लागलं. मी मुद्दाम गडबला गेले होते, वाटी कुणी पुढे केली तर फेकून द्यायच्या तयारीने. पण कुणी केली नाही. पोरगी अशी बाळसेदार झाली की काय सांगू. पिवळी मऊ शी, शांत झोप. मला तिच्याकडे बघून बरं वाटायचं आणि त्याच क्षणी आत काहीतरी जळायचं, तेही सांगून टाकते. माझ्या पोराला हे मिळायला हवं होतं. त्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिच्या पोटात जागच्या जागी होतं. आता फक्त लस पडायची होती.

जन्मल्यावर दवाखान्यात दिली तेवढीच तिला मिळाली. दीर म्हणाला, "दादाच्या पोराला सगळ्या सुया टोचल्या, काय झाला? नळ्या लावून पडला." सासूचं 'बी खोटं' होतंच. लसीचा वार आला की जाऊ मुलीला घेऊन गडबला जायची. तिथली आशाताई आली की सांगायचे, पोरीचं सगळं सासरी चालू आहे. सासरची आशाताई आली की सांगायचे, माहेरी चालू आहे. दोन गावांच्या मधे पोरगी बिनलसीची फिरत राहिली आणि दोन्हीकडच्या बायांना वाटलं, दुसरीकडे दिली.

मी जावेला एकटीला गाठलं. सगळं परत सांगितलं, शेतीचं नाव न काढता. म्हटलं, माझ्या मुलाचं पोट बिघडवलं होतं गं, तुझ्या मुलीचं ठणठणीत आहे. तिला लस लागू पडेल. ती ऐकत होती. तिला पटतही होतं, मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "ताई, तुमच्या पोराला मी बघितलाय नळ्यांमधे. माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाय तो." मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही भावाशी बोला. तो म्हणाला, "घरात भांडण नको." आमच्या घरात भांडण कधीच नको असतं. त्यापायी काय काय गेलं, हे कुणी विचारत नाही.

मुलगी वर्षाची होऊन पुढे चालायला लागली तेव्हा गावात गोवर आला. तिला आला. सासूने दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला. देवी आलीय, फोडणी द्यायची नाही, दवाखान्यात न्यायचं नाही, देवीला राग येतो. मी ओरडले. खरोखर ओरडले, शेजारी ऐकतील असं. सासू म्हणाली, "तुझ्या सायन्सनं एक पोर मारायला घातलाच होता, आता हिच्यावर नको." दीर दारात उभा राहिला. अंगावर पुरळ, ताप, मग कानातून पाणी यायला लागलं, मग एका दुपारी डोळे फिरले आणि हातपाय ताठ झाले. तेव्हा पळाले रोह्याला. तिथून आणखी मोठ्या ठिकाणी.

मुलगी वाचली. तिचे कान गेले, दोन्ही.

माझा मुलगा त्याच घरात होता, त्याच अंथरुणात लोळत होता, तिच्या ताटातला भात खात होता. त्याला एक पुळी आली नाही. ज्या पोटात खारं पाणी शिरलं होतं, त्या पोटाच्या पोरालासुद्धा त्या लसीने राखलं. मी हे सासूला सांगितलं. मुंगी चावली म्हणून जे सांगायचे, तेही सांगितलं. तिने माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "देवीनं सोडला त्याला." पुढच्या मंगळवारी तिने देवीला नारळ फोडला. प्रसाद मलाही आणून दिला. मी तो खाल्ला नाही, कोंबड्यांपुढे टाकला.

आता जाऊ पुन्हा पोटुशी आहे. परवा दुपारी आम्ही दोघी पडवीत भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. मुलगी आमच्याकडे पाठ करून खापरीचे तुकडे रचत होती. जाऊ आपणहून म्हणाली, ह्या वेळेससुद्धा दूध टाकणार नाही, आणि सुयाही सगळ्या देणार, कोण आडवं आलं तर माहेरी जाऊन राहीन. मी म्हटलं, बरं झालं, उशिरा का होईना. एवढंच म्हटलं, आणि थोडं खोचूनच म्हटलं.

तिच्या हातातली डाळिंबी खाली पडली.

"ताई, तुम्हाला सगळा ठाव होता."

"सांगितलं होतं मी तुला. इथेच बसून सांगितलं होतं."

"सांगितला नुसता. स्वतःच्या पोराला लपवूनछपवून नेलात ना? माझीला का नाय उचललीत? बाजाराला जाते सांगून माझीला का नाय नेलीत?"

"तुझी मुलगी मी कशी नेणार? काही झालं असतं तर तुम्ही मला जिवंत ठेवलं असतंत?"

"मारलं असतं तर मारलं असतं!"

"मला मारायला तयार होतात, त्या बाईसमोर तोंड उघडायला नाही!"

मग कोण काय बोललं ते मला नीट सांगता येणार नाही. इतक्या वर्षांचं सगळं निघालं, माझं दूध, तिची भीती, दोघींचे नवरे. जाऊ उभी राहून किंचाळत होती, मीही. पलीकडच्या घरातली बाई कुंपणापर्यंत आली. रस्त्यावरून जाणाऱ्याने मोटारसायकल थांबवली. माझा मुलगा घाबरून आतून धावत आला आणि रडायला लागला.

मुलगी आमच्यापासून हातभर अंतरावर होती. तिने एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर ठेवला, तो पडला नाही म्हणून खुशीत आली आणि तिसरा शोधायला लागली.